दवंडी देणाराच मुका झाला तर...

मंडळी, बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग दिवाळी आली, पाहुणे आले... कारणं काय, हवी तेवढी देता येतात. पस्तीस वर्षं शाळेत मुलांची कारणं ऐकली, त्यामुळे त्या कलेत आता मीही तरबेज झालोय. असो.

या दिवाळीत नात चार दिवस राहायला आली होती. ती पुण्याला सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरी करते. सुट्टीत तरी त्या यंत्राला विश्रांती देईल असं वाटलं होतं. पण एका हाताशी फराळाची बशी आणि दुसऱ्या हाताशी लॅपटॉप! विचारलं तर म्हणाली, हे ऑफिसचं काम नाही, घरचं आहे. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी मिळून एक छोटं प्लगइन सांभाळतात. फुकट. प्लगइन म्हणजे मूळ प्रोग्रॅमला मागाहून जोडलेला तुकडा, घर बांधून झाल्यावर खिडकीवर ठोकलेल्या पत्र्याच्या छपरीसारखा. यांच्या छपरीचं काम एवढंच, की ब्लॉग किंवा वेबसाइट ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्याची नवी आवृत्ती आली की मालकाला ईमेल पाठवून कळवायचं. आमच्या लहानपणी गावात कोतवाल दवंडी द्यायचा, तसंच काहीसं.

"मग आता यात नवीन काय घालतेस?" मी विचारलं.

"नवीन काहीच नाही आजोबा. कोड सुधारतेय."

"बिघडलाय का?"

"नाही, चालतोय की."

"अगं, चालतोय तर मग हात कशाला लावतेस?"

तिने मान वर न करताच विचारलं, "आजोबा, तुम्ही निबंधाच्या वह्या तपासायचात ना? निबंध पूर्ण असला, विषयाला धरून असला, तरी लाल शाई वापरायचातच की!"

आता यावर काय बोलणार? मुकाट्याने चकली उचलली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. चार दिवस तिला छळलं, ती गेल्यावर दोन आठवडे वाचत बसलो. इतिहास शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे कुठलीही गोष्ट तिच्या आरंभापासून पाहिल्याशिवाय मला समजत नाही. जे समजलं ते आपल्यापुढे मांडतो.

त्याआधी एक कबुली.

माझा पहिला ब्लॉग तुमच्यापैकी काही जुन्या वाचकांना आठवत असेल. निवृत्तीनंतर भाच्याने उभा करून दिला होता. तो कोणत्या प्रणालीवर होता हे सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता, माझा होता. लिहायला बसलं की वर एक पिवळी पट्टी दिसायची, नवी आवृत्ती आली आहे, अद्ययावत करा. मला वाटायचं, आहे ते नीट चाललंय, कशाला उगाच? पट्टी दिसायची, मी लिहायचो, आणि काही दिवसांनी तर पट्टी दिसेनाशीच झाली. म्हणजे ती होती तिथेच, माझे डोळे तिला सरावले.

२०१० च्या सुमारास एके सकाळी बहिणीचा फोन आला. "अरे, आईवरच्या लेखात हे काय औषधांच्या जाहिराती लावल्यास?" उघडून पाहतो तो खरंच. कुणीतरी भगदाडातून आत शिरून माझ्या जुन्या लेखांमध्ये घाण कालवली होती. भाच्याने दोन रात्री जागून साफसफाई केली. लेख माझ्याकडे वेगळे ठेवलेले होते, ते परत चढवता आले. प्रतिक्रिया मात्र गेल्या. त्यात आईवरच्या लेखाखाली दादाने लिहिलेली मोठी प्रतिक्रिया होती. मी लेखात आईच्या माहेराबद्दल काही चुकीचं लिहिलं होतं, ते त्याने दुरुस्त केलं होतं, आणि मला माहीत नसलेल्या दोनतीन गोष्टी सांगितल्या होत्या. २०१३ साली दादा गेला. त्या गोष्टींपैकी एकच मला नीट आठवते. बाकीच्या त्या पिवळ्या पट्टीबरोबर गेल्या.

तेव्हा दवंडीकडे कान न देणाऱ्या माणसाने हा लेख लिहिला आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

*

सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीला इंग्रजीत पॅच म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. मला वाटायचं ही नुसती उपमा आहे. तसं नाही, एकेकाळी खरोखरच ठिगळ लावत. १९४४ साली हार्वर्ड विद्यापीठात मार्क वन नावाचं अवाढव्य गणकयंत्र सुरू झालं. त्याला सूचना द्यायच्या त्या भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून. भोक चुकीच्या जागी पडलं तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा. अशी ठिगळं लावलेली पट्टी आजही छायाचित्रात पाहायला मिळते. आमच्या आईच्या गोधडीइतकी नाही, पण ठिगळं स्पष्ट दिसतात.

यंत्र एकच असेल तोवर हे ठीक. पण तोच प्रोग्रॅम दहा ठिकाणी, शंभर ठिकाणी गेला की ठिगळही शंभर ठिकाणी पोचवायला हवं. १९८५ साली लॅरी वॉल नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने पॅच नावाचाच एक छोटा प्रोग्रॅम लिहून सर्वांना मोकळा केला. त्याची युक्ती आपल्या जुन्या मराठी पुस्तकांतल्या शुद्धिपत्रासारखी आहे. पृष्ठ ४७, ओळ ३, अमुक ऐवजी तमुक वाचावे! सगळं पुस्तक पुन्हा छापायचं नाही, फक्त फरक कळवायचा. वॉलचा प्रोग्रॅम ते शुद्धिपत्र वाचून मूळ मजकुरात त्या त्या जागी दुरुस्ती आपणहून करून टाकायचा.

पण शुद्धिपत्राची मेख तुम्हाला ठाऊक आहे. ते वाचतो कोण? मी शिकवलेल्या कितीतरी पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र होतं आणि मुलं चुकीचंच पाठ करत होती. दुरुस्ती तयार असणं वेगळं आणि दुरुस्ती झाली आहे हे ज्याला कळायला हवं त्याला कळणं वेगळं.

हा फरक जगाला २००३ साली चांगलाच कळला. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये विंडोज ९८ बरोबर अपडेटची सोय आणली होती. तरीही २५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर नावाची कीड इंटरनेटवर सुटली आणि साधारण दहा मिनिटांत, जेवढी यंत्रं तिला बळी पडू शकत होती त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक यंत्रांत शिरली. ज्या भगदाडातून ती शिरली ते बुजवण्याचं ठिगळ जुलै २००२ मध्येच उपलब्ध होतं. सहा महिने आधी! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्लास्टर आला. त्याचं ठिगळ महिनाभर आधी आलं होतं. औषध दुकानात होतं, रोगी घरात होता, आणि मधे सांगणारा कुणी नव्हता. किंवा होता, पण त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

त्यानंतर ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने ठिगळांसाठी महिन्यातला दुसरा मंगळवार ठरवून टाकला. (आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र असते.) बाजाराचा दिवस ठरला की माणूस पिशवी घेऊन तयार राहतो, तसं. आणि ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीची जी मोठी दुरुस्ती आली तिने अपडेट आपोआप होऊ देण्याचा आग्रह अगदी समोर येऊन धरायला सुरुवात केली.

*

आता आपल्या, म्हणजे ब्लॉगवाल्यांच्या गल्लीत येऊ.

वर्डप्रेस हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. त्याची पहिली आवृत्ती २७ मे २००३ ची. बी टू नावाचं एक जुनं ब्लॉग सॉफ्टवेअर पडीक होऊ लागलं होतं. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी तेच पुढे न्यायचं ठरवलं. म्हणजे सुरुवातच मुळी दुसऱ्याचा जुना कोड हातात घेऊन सुधारण्यापासून झाली.

पहिली चार वर्षं या सॉफ्टवेअरला दवंडी देणारा नव्हता. नवी आवृत्ती आली का हे आपणच जाऊन पाहायचं. मार्च २००७ मध्ये तर भलतंच घडलं. कुणीतरी त्यांच्या एका सर्व्हरमध्ये घुसून २.१.१ या आवृत्तीच्या फायलींतच विष कालवलं. लक्षात आल्यावर ती आख्खी आवृत्ती धोकादायक म्हणून जाहीर करून २.१.२ काढावी लागली. आता विचार करा, ज्यांनी २.१.१ उतरवून घेतली होती त्यांना हे कळणार कसं? संकेतस्थळावर सूचना लावायची, एकाने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला.

त्याच वर्षी २४ सप्टेंबरला २.३ ही आवृत्ती आली आणि तिच्यात सूचना देण्याची सोय आली. तुमचा ब्लॉग अधूनमधून मुख्य सर्व्हरला विचारायचा, माझ्याकडे अमुक आवृत्ती आहे, अमुक प्लगइन आहेत, काही नवं आहे का? असेल तर तुम्हाला पट्टी दिसायची. विचारताना ब्लॉगचा पत्ताही पाठवला जायचा, म्हणून काही लोकांनी आक्षेपही घेतला. आमच्या घरात काय काय आहे याची यादी दवंडीवाल्याने का न्यावी? प्रश्न रास्त होता. बातमी आणणाऱ्याला थोडी बातमी द्यावीही लागते.

पुढची पावलं भराभर पडली. मार्च २००८ मध्ये २.५ आली आणि प्लगइन एका क्लिकवर बदलता येऊ लागलं. डिसेंबर २००८ मध्ये २.७ आली आणि मूळ सॉफ्टवेअरही तसंच बदलता येऊ लागलं. तरीही सप्टेंबर २००९ मध्ये जुन्या आवृत्त्यांवर चालणाऱ्या ब्लॉगांमध्ये एक कीड पसरली. ती गुपचूप सदस्य म्हणून नाव नोंदवायची, मालकाचे अधिकार मिळवायची, सदस्यांच्या यादीतून स्वतःला लपवायची, आणि मग जुन्या लेखांमध्ये नको तो मजकूर घुसडत राहायची. ती ज्या भगदाडातून शिरत होती ते त्याच वर्षी आधी बुजवलेलं होतं. वाचताना मला आईचा लेख आठवला, हे सांगायला नकोच.

शेवटी २४ ऑक्टोबर २०१३ रोजी ३.७ ही आवृत्ती आली. माझ्यासारखे लोक पट्टी वाचत नाहीत हे बहुधा ओळखूनच असेल, तिने छोट्या दुरुस्त्या न विचारता, रात्रीबेरात्री, आपोआप बसवायला सुरुवात केली. दवंडीवाला नुसता ओरडून थांबेना, आता तोच दार लावून कडी घालू लागला.

इथे त्याच्यावरची जबाबदारी केवढी वाढली ते पाहा. जो न विचारता घरात येऊ शकतो तो दगाबाज निघाला, किंवा त्याच्या वेषात दुसराच आला तर? सप्टेंबर २०१६ मध्ये सुरक्षेचं काम करणाऱ्या एका कंपनीच्या तज्ज्ञाला वर्डप्रेसच्या याच अपडेट सर्व्हरमध्ये एक कच्चा दुवा सापडला. बाहेरून येणारा निरोप खरा की खोटा हे तपासताना कोणती पद्धत वापरायची ते ठरवण्याची मुभा निरोप आणणाऱ्यालाच दिलेली होती. म्हणजे वाड्याला कुलूप कोणतं लावायचं हे पाहुण्याला विचारण्यासारखं! तो अर्थातच सगळ्यात तकलादू कुलूप सांगणार. कळवल्यावर काही दिवसांतच ते बुजवलं गेलं आणि नोव्हेंबरमध्ये सगळी हकीकत जाहीर झाली. ओळी थोड्याच होत्या, पण त्या ओळींच्या पलीकडे जगातल्या चौथ्या हिश्श्याएवढ्या वेबसाइट उभ्या होत्या.

*

आता मूळ प्रश्नाकडे. चालतोय तर हात कशाला लावायचा?

नातीने मला तिच्या प्लगइनमधल्या काही गोष्टी दाखवल्या. मला प्रोग्रॅमिंगमधलं ओ की ठो कळत नाही, पण तिने समजावल्या त्या अशा.

एक, मूळ लिहिणाऱ्याने सर्व्हरला विचारणं, उत्तर वाचणं, तुलना करणं, ईमेल लिहिणं आणि पाठवणं हे सगळं एकाच दोनशे ओळींच्या परिच्छेदात कोंबलं होतं. तिने त्याचे लहान लहान भाग पाडले आणि प्रत्येकाला त्याच्या कामाचं नाव दिलं.

दोन, तुलना करण्याच्या त्याच ओळी तीन ठिकाणी लिहिल्या होत्या. कुणीतरी एक चूक दोन ठिकाणी सुधारली होती आणि तिसरी जागा तशीच राहिली होती. ती चूक मोठी मजेदार आहे. २.९ मोठी की २.१०? गणिताचे गुरुजी म्हणतील २.९. पण आवृत्तीत तो दशांश नसतो, धड्याचा क्रमांक असतो. नवव्या धड्यानंतर दहावा. ज्या जागी दशांशासारखी तुलना राहून गेली होती तिथे २.१० आली तरी प्लगइन म्हणायचं, तुमच्याकडे हिच्याहून नवी आहे, निश्चिंत राहा!

तीन, एकच सूचना रोज यायची. रोज ओरडणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, लांडग्याची गोष्ट आपल्याला पाठ आहे. आता कोणत्या आवृत्तीबद्दल कळवून झालं हे तिने टिपून ठेवायला लावलं.

आणि चौथी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. मुख्य सर्व्हरकडून उत्तरच आलं नाही तर जुना कोड समजायचा, यादी रिकामी आहे, म्हणजे नवं काही नाही. वर आज तपासलं अशी नोंदही करून मोकळा व्हायचा. मी ताडकन म्हटलं, "अगं, हे तर हजेरीपत्रकासारखं झालं!" मुलगा हजर, मुलगा गैरहजर, आणि त्या दिवशी हजेरी घेतलीच नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकामा रकाना पाहून सगळी मुलं हजर होती असं लिहिणाऱ्या शिक्षकाला आम्ही काय म्हटलं असतं? तिने आता तिन्ही वेगळ्या केल्या आहेत. नवं आहे, नवं नाही, आणि कळलं नाही. कळलं नाही असं बरेच दिवस होत राहिलं तर ते प्लगइन तसंही ईमेलने सांगतं.

यातल्या एकाही गोष्टीने प्लगइन बंद पडलं नव्हतं, आणि म्हणूनच ते चालतंय असं सगळे म्हणत होते. इतर प्रोग्रॅम बिघडला की बोंब होते, चित्र दिसत नाही, अक्षर उमटत नाही. दवंडी देणारा बिघडला तर फक्त शांतता होते. आणि शांतता म्हणजे सगळं ठीक आहे असं समजायची आपल्याला सवय असते.

कोडची ही लाल शाई नवी नाही. १९७६ साली आयबीएममध्ये मायकेल फेगन याने कोड तपासण्याची शिस्तशीर पद्धत मांडली. चारपाच जणांनी बसायचं, एकाने वाचायचं, चुका शोधायच्या, नोंदवायच्या, लिहिणाऱ्याला दोष द्यायचा नाही. १९७८ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सनने लिंट नावाचा प्रोग्रॅम केला, जो कोडमधल्या संशयास्पद जागा आपणहून दाखवायचा. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेला कापसाचा भुसा. कपडा घालता येतोच, पण झटकला तर बरा. आणि १९९२ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम याने घाईत लिहिलेल्या कोडला कर्जाची उपमा दिली. कर्ज काढून काम लवकर होतं, पण वेळेवर फेडलं नाही तर व्याज चढत जातं. सावकारी पाशाचा इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत, त्यामुळे ही उपमा आपल्याला जास्त समजावी.

*

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, गुरुजी, पटलं, सुधारणा करावी. पण थांबा. एक गोष्ट राहिली आहे, आणि तिच्यासाठीच हा सगळा प्रपंच.

५ फेब्रुवारी २०१८. वर्डप्रेसची ४.९.३ ही आवृत्ती आली. ३४ चुका दुरुस्त केलेली. तिच्यात अपडेटच्याच कोडमध्ये एक छोटी सुधारणा होती. आपोआप तपासणी होताना मुख्य सर्व्हरला विनाकारण पुन्हा पुन्हा विचारलं जात होतं, ते कमी करावं. हेतू चांगला, काम लहान. पण शेवटचा बदल करताना माणसाकडून चूक झाली. एका कामाला ज्या गोष्टी हाताशी लागतात त्या सगळ्या आणून ठेवण्याआधीच ते काम बोलावलं गेलं. शिक्षक वर्गात आला, आणि फळा अजून सुताराकडेच! ब्लॉग दिसत होते, लिहिता येत होतं, सगळं नीट होतं. फक्त एक गोष्ट बंद पडली. आपोआप अपडेट होणं.

काही तासांत हे लक्षात आलं. दुसऱ्याच दिवशी, ६ फेब्रुवारीला, ४.९.४ आली. पण ती बसवणार कोण? जो आपोआप बसवत होता तोच तर मुका झाला होता. ज्या ज्या ब्लॉगने शहाण्या मुलासारखी ४.९.३ आपोआप घेतली होती, तिथे आता मालकाने स्वतः आत जाऊन बटण दाबायला हवं होतं. त्या वेळी जगातल्या जवळपास तीस टक्के वेबसाइट वर्डप्रेसवर चालत होत्या. त्यातल्या किती मालकांनी कित्येक महिन्यांत दाराची कडी उघडली नसेल! चार वर्षं ज्याच्या भरवशावर निर्धास्त झोपले, त्याच्या घशावर नेमकी सुधारणा करताना सुरी लागली.

हे वाचून मला माझीच एक लाल रेघ आठवली. नववीतल्या एका मुलीने निबंधात आपल्या आजीचा एक शब्द वापरला होता. मला तो अशुद्ध वाटला. मी खोडला, वर प्रमाण शब्द लिहिला. ती काही बोलली नाही. पुढे कित्येक वर्षांनी तो शब्द मला एका जुन्या कोशात सापडला. अस्सल, जुना, माझ्या शब्दापेक्षा चांगला. तोवर ती मुलगी कुठे होती कोण जाणे. तिच्यापर्यंत माझं शुद्धिपत्र पोचवायला माझ्याकडे कुणी दवंडीवाला नव्हता.

नातीला मी २०१८ ची ही गोष्ट फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितली. मला वाटलं, तिला नवीन असेल. ती हसली. "आजोबा, ती आम्हाला माहीत आहे. आणि परवा माझंही तसंच होणार होतं."

झालं असं, की साफसफाईच्या भरात तिने एका साठवलेल्या गोष्टीचं नाव बदललं. आधीचं नाव खरंच वाईट होतं, काही अर्थबोध होत नव्हता. पण जुन्या वापरकर्त्यांचे ईमेल पत्ते त्या जुन्या नावाखालीच जपून ठेवलेले होते. नवं प्लगइन नव्या नावाने शोधणार, पत्ता सापडणार नाही, आणि कुणालाच ईमेल जाणार नाही. तक्रारही येणार नाही, कारण न आलेल्या पत्राची तक्रार कोण करतं? तिच्या मैत्रिणीने बदल तपासताना विचारलं, "जुन्या लोकांचं काय?" एवढ्या एका प्रश्नाने वाचलं. मग तिने जुनं नाव सापडलं तर ते नव्यात हलवायची सोय केली, आणि त्यासाठी एक चाचणीही लिहून ठेवली. यापुढे कुणीही, काहीही बदललं की ती चाचणी पुन्हा द्यावीच लागते. उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढचा वर्ग नाही. (आमच्या वेळच्या शाळेची पद्धत कुठेतरी शिल्लक आहे म्हणायची!)

तेव्हा चालतोय तर हात कशाला लावतेस, या माझ्या प्रश्नाचं उत्तर आता मला असं सापडलं आहे. हात लावायलाच हवा, कारण दवंडी देणाऱ्याचं दुखणं बाहेरून दिसत नाही. पण एकट्याने लावू नये. दुसरं कुणीतरी शेजारी बसून, जुन्या लोकांचं काय, असं विचारणारं हवं. दिवाळीचे चार दिवस तिने जे काम केलं ते कुणाला दिसणार नाही. प्लगइन कालच्यासारखंच दिसेल. कुठेतरी एखाद्या माणसाला वेळेवर एक ईमेल जाईल, तो वैतागून बटण दाबेल, आणि त्याच्या ब्लॉगवरच्या प्रतिक्रिया जागच्या जागी राहतील. त्याला काही कळणारही नाही.

एक शेवटची गंमत सांगून थांबतो. वर्डप्रेसच्या ब्लॉगमध्ये ही आपोआप तपासणी दिवसातून दोनदा व्हायची असते. पण त्याला स्वतःचं घड्याळ नसतं. कुणीतरी ब्लॉग उघडला की त्या निमित्ताने तो जागा होतो, वेळ झाली का पाहतो आणि कामाला निघतो. कुणीच फिरकलं नाही तर दवंडीवाला झोपलेलाच. माझा आताचा ब्लॉगही त्याच जातीचा आहे. म्हणजे मंडळी, तुम्ही इथे डोकावता तेव्हा नकळत माझ्या कोतवालाला उठवत असता. तेव्हा वाचायला काही नवं नसलं तरी येत जा.

आणि वहिनी, तुम्ही किंवा मुलं हे वाचत असाल तर एक विनंती. दादा आईच्या माहेराबद्दल जे सांगायचा त्यातलं तुम्हाला जे काही आठवत असेल ते खाली लिहा. त्याची दुरुस्ती मला परत लावून घ्यायची आहे. या वेळी दोन ठिकाणी जपून ठेवीन.